लिंबाच्या सालीला मोहाची सोबत

लेमन बार आधी कडेने पाहावा. वरून दिसतो तो पिठीसाखरेचा पांढरा थर, आणि त्यावरून आतले काहीच कळत नाही. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच दाबात खाली नेली की जी कड उघडी पडते ती वाचायची. खाली बदामी रंगाचा खुसखुशीत तळ. त्यावर त्याच्या दीडपट उंचीचा, लिंबाच्या रसात आळलेला अंड्याचा गर. आणि दोहोंच्या सांध्यावर एक बारीकशी ओलसर रेघ, जिथे गर तळात जरासा मुरलेला असतो. ही रेघ जाड असेल तर तळ भिजून मऊ पडला आहे. अजिबात नसेल तर दोन्ही थरांची ओळखच झालेली नाही आणि घास घेताना वरचा थर घसरून येतो. सांधा नीट जमला असेल तर बाकीचेही बहुधा जमलेले असते.

मी ज्या बारबद्दल लिहितो आहे तो चिंचपाड्यात, आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, साध्या ओटीजीत भाजलेला आहे. नवापूर तालुक्यातले हे गाव. सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या मधले स्टेशन. वहिनींच्या बारमध्ये लिंबू कागदी असते आणि लिकर मोहाचे. परदेशी पाककृतींत या जागी संत्र्याच्या सालीचे फ्रेंच लिकर किंवा इटलीचे लिमोन्चेल्लो असते. दोन्ही घालून केलेले बार मी खाल्ले आहेत आणि ते चांगले असतात. तरी माझे मत असे बनले आहे की कागदी लिंबाशेजारी मोहाइतके काहीच शोभत नाही. का शोभत नाही, हे नीट सांगायचे तर वासापासून सुरुवात करावी लागेल.

लिंबाचा आंबटपणा रसात असतो, पण लिंबूपण सालीत असते. डोळे मिटून नुसते सायट्रिक आम्लाचे पाणी चाखले तर ते लिंबाचे की चिंचेचे की कैरीचे, हे सांगणे कठीण जाते. साल नखाने जरा टोचली की मात्र शंकाच उरत नाही. सालीच्या वरच्या पापुद्र्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात लिमोनीन सर्वांत जास्त आणि सिट्राल त्याहून कितीतरी कमी, पण आपण ज्याला लिंबाचा वास म्हणतो तो बराचसा या थोड्याशा सिट्रालचा. आपल्याकडे सालीचा हा मान जुना आहे. लोणच्यात साल मुरली की लिंबू मुरले असे आपण समजतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग आहे. हे फळ जवळजवळ सगळे सालच असते, रस नावापुरता.

अडचण अशी की हे तेल पाण्यात विरघळत नाही. रसात साल किसून टाकली तर तेल वर तरंगते, भट्टीच्या उष्णतेने बरेचसे उडून जाते आणि घरभर सुंदर वास सुटतो. घरभर सुटलेला तो वास म्हणजे बारमधून गेलेला वास. वहिनी दोन गोष्टी करतात. आदल्या रात्री चार लिंबांची साल बारीक किसणीवर, फक्त हिरवा-पिवळा भाग येईल इतक्या हलक्या हाताने किसतात. निम्मी साल साखरेत घालून बोटांनी चोळतात. साखरेचे कण सालीला ओरखडत जातात, तेल बाहेर येते आणि साखर ओली, फिकट हिरवट होते. उरलेली निम्मी दोन मोठे चमचे लिकरमध्ये भिजत घालून झाकून ठेवतात. तेल मद्यार्कात सहज विरघळते. सकाळपर्यंत लिकरचा रंग बदललेला असतो आणि झाकण काढल्यावर जो वास येतो तो लिंबू आणि मोह असा वेगवेगळा सांगता येत नाही. लिकरचे या पदार्थातले खरे काम हे. सालीचे तेल धरून ठेवायचे आणि पाण्याच्या, साखरेच्या, अंड्याच्या मिश्रणात सगळीकडे सारखे पसरवायचे. चव देणे त्यानंतर येते आणि झिंगेचा तर इथे प्रश्नच नाही.

कागदी लिंबाच्या बाबतीत हात हलका ठेवणे फार गरजेचे आहे. परदेशी पाककृतीतले जाड सालीचे पिवळे लिंबू निर्धास्त किसता येते. कागदीची साल इतकी पातळ की किसणीचा एक फेरा जास्त झाला तरी खालचा पांढरा भाग येतो आणि कडवटपणा उतरतो. वहिनी प्रत्येक लिंबू किसणीवर एका जागी एकदाच ओढतात आणि वळवतात. साल कमी निघते म्हणून लिंबे जास्त घेतात, साल जास्त खरवडत नाहीत. त्यांच्या बारमध्ये कडवटपणाची एक अगदी पुसट छटा तरीही असते, गिळल्यानंतर जिभेच्या मागे कळेल इतकीच. ती मला हवीच असते. तिच्यामुळे गोडी चिकट वाटत नाही.

आता मोह.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांच्यावर येतात, परागीभवनही तीच करतात, आणि पहाटेपासून मांसल, फिकट पिवळसर फुले टपटप खाली पडू लागतात. झाडाखालची जमीन आधी झाडून साफ केलेली असते आणि उजाडायच्या आत माणसे टोपल्या घेऊन वेचायला बसलेली असतात. ताज्या फुलाचा वास सगळ्यांना आवडत नाही. त्यात मधाची गोडी आहे, पिकून गेलेल्या फळाची धुंदी आहे आणि जनावरासारखे काही उग्रही आहे. वटवाघळांसाठी केलेला वास आहे तो; जाईजुईच्या मापाने तो मोजणे चूक. वाळले की फूल मनुकेसारखे तपकिरी, सुरकुतलेले होते आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. सातपुड्यात त्याचे लाडू होतात, भाकरीच्या पिठातही ते जाते. मद्य हा त्या फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक.

पण तो एक उपयोग इथल्या जगण्यात खोल गेलेला आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांत जन्म, लग्न, मरण, पेरणी, होळी यांपैकी काहीच मोहाशिवाय पुरे होत नाही. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर पूर्वजांना द्यायचे, मग आपण. सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला याहामोगी मातेची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास भरते. नंदुरबार जिल्ह्यातून हजारो माणसे तिथे जातात, आणि बांबूच्या टोपलीत धान्याबरोबर मोहाचे मद्यही देवीला नेतात. ज्या गुजरातेत दारूबंदी आहे तिथेच हा नैवेद्य चढतो. देवीला जे चालते ते हलके कसे म्हणायचे? मोहाला हलके ठरवले ते कायद्याने आणि शहरी नाकाने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरच्या गाळपाला चाप लावला, १८९२ च्या म्हौरा कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे फुले जवळ ठेवण्यावरही बंधने आणली. सरकारी महसूल देणारी गुत्त्याची दारू चालू राहिली आणि अंगणातली गुन्हा ठरली. ‘मोहाची’ म्हटले की नाक मुरडायचे, ही सवय त्यानंतरची आहे.

आजही परवान्याशिवाय घरी गाळणे हा गुन्हाच आहे आणि वहिनी बाटलीबंद, परवान्याचे मद्यच वापरतात. तसे मिळू लागून फार वर्षे झाली नाहीत. २०१८ साली डेस्मंड नाझरेथ यांनी गोव्याच्या बाजारात मोहाचे मद्य आणि त्याचे गोड लिकर आणले. त्यानंतर डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाचे मद्य आणले. लिकर हाताशी नसेल तर साधे मोहाचे मद्य घेऊन त्यात साखरेचा थोडा पाक मिसळायचा. या पदार्थापुरते ते पुरते. पहिल्या धारेचा उग्रपणा बाटलीतल्या मद्यात नसतो, वाळल्या फुलाची गोडी मात्र राहिलेली असते. मला त्यात मनुका, जुना गूळ आणि पाऊस येऊन गेल्यावरच्या मातीचा वास सापडतो.

आणि इथेच कागदी लिंबाशी त्याचे नाते जुळते. लिंबाचा वास वर चढणारा असतो, नाकात लगेच शिरतो आणि लगेच संपतो. त्याला बूड नाही. संत्र्याच्या लिकरने या वासात वासाचीच भर पडते, कारण संत्र्याच्या सालीतही लिमोनीनच प्रमुख. १८७५ साली अँजे शहरात एदुआर क्वांत्रो यांनी बनवलेले लिकर आजही जगातल्या उत्तम सालींच्या वासांपैकी एक आहे, पण लिंबाजवळ ते नेले की दोन चुलत भावंडे एकाच सुरात बोलू लागतात. मोहाचा वास उलट, खाली बसणारा. तो उशिरा कळतो आणि उशिरापर्यंत राहतो. लिंबू संपते तिथे मोह सुरू होतो, त्यामुळे एकाच घासाला आरंभ आणि शेवट असे दोन्ही मिळतात. शिवाय मोहाचा जो उग्र भाग काहींना नकोसा वाटतो तो आम्लाने बराच झाकला जातो. लिंबू मोहाला स्वच्छ करते आणि मोह लिंबाला रेंगाळायला लावतो.

गराकडे वळू. तीन अंडी, सव्वादोनशे ग्रॅम साखर, शंभर मिलिलिटर रस, दोन चमचे मैदा आणि ते रात्रभर मुरलेले लिकर. अंडी इथे नवापूरची. नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे, आणि देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, शेड ओस पडल्या. पुन्हा उभारी धरली, २०२१ मध्ये पुन्हा तोच रोग आला आणि त्यानंतरही व्यवसाय उभा राहिला. या भागात अंडे हाताशी असते ते असे. ते ज्यांनी टिकवले त्यांचे कष्ट लक्षात ठेवून ते फोडावे असे मला मनापासून वाटते. शेडवरच्या अंड्याचा बलक फिका असतो, म्हणून गराचा रंगही फिका, लोण्यासारखा येतो. काहीजण तो उजळ करायला रंगाचा थेंब घालतात. तो घालू नये. फिक्या गरावर हिरवट सालीचे जे ठिपके दिसतात त्यांचे सौंदर्य पिवळ्या रंगात बुडून जाते.

कागदीच्या रसात सहा-सात टक्के सायट्रिक आम्ल असते, परदेशी लिंबाहून जरा जास्तच. म्हणून मूळ पाककृतीतला रस तेवढाच ठेवला तर दात आंबतात. साखर वाढवण्यापेक्षा रस थोडा कमी करणे मला पटते, कारण साखर वाढली की गर जड होतो आणि उशिरा आळतो. मिसळण्याचा क्रमही पाळावा लागतो. मद्यार्काने अंडे शिजल्यासारखे गुठळते, म्हणून लिकर आधी रसात आणि साखरेत जाते, अंडी त्यानंतर. फेटायचे नाही, फक्त एकजीव करायचे. फेस झाला तर भाजताना वर पांढरट कवच येते आणि त्याखाली भोके पडतात. आम्ल असल्यामुळे उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात गर कळकतो. जिभेला धातू लागतो आणि एवढ्या कष्टाने आणलेला वास मातीमोल होतो. साच्याला बटर पेपर नीट कडेपर्यंत लावणे, याला दुसरा उपाय नाही.

सुमारे एकशेसाठ अंशांवर वीस मिनिटे. साचा हलवला की कडा स्थिर आणि मधला वाटीएवढा भाग थरथरता दिसला की बाहेर. उरलेले काम आतली उष्णता करते. ती थरथर पाहून थांबता येणे हे या पदार्थातले मोठे कौशल्य आहे. पाच मिनिटे जास्त गेली की अंड्याचे जाळे आकसते, पाणी सोडते आणि वर पाझर सुटतो. वहिनींचा गर सुरीला चिकटत नाही आणि जिभेवर कणी लागत नाही. उन्हाळ्यात वीज मध्येच जाते, तेव्हा त्या ओटीजीचे दार उघडत नाहीत. साठलेल्या उष्णतेवर गर बराचसा आळून येतो. मला तर तसा भाजलेला बार जास्त मऊ वाटला.

तळाबद्दल थोडक्यात. दीडशे ग्रॅम मैदा, एकशेदहा ग्रॅम लोणी, चाळीस ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. हाताने चुरून, साच्यात दाबून, आधी एकट्याचा बदामी होईपर्यंत भाजलेला. नानकटाईचाच हा भाऊ. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि डबे भरून नानकटाई भाजून आणायची, हे खानदेशात आणि एकूण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आणि नानकटाईची कूळकथा याच लोहमार्गाच्या पश्चिम टोकाला, सुरतेत पोहोचते. तिथे डच वखारीच्या भट्टीचा वारसा दोतीवाला कुटुंबाची बेकरी सांगते, आणि त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. झाडाच्या मादक रसाची आणि भट्टीची सोबत इथे तेव्हापासूनची आहे. अमेरिकी लेमन बारची छापील कृती १९६२ साली शिकागोच्या वृत्तपत्रात आली, असे सांगतात. त्या मानाने आपली भट्टी बरीच थोरली. वहिनी कधीकधी लोण्याऐवजी तुपाचे मोहन घालतात. तळ जास्त खुसखुशीत होतो, पण कणीदार तुपाचा वास मोहाशी भांडतो. माझी पसंती लोण्याला.

आता घास. पहिल्यांदा ओठाला पिठीसाखर लागते, कोरडी, थंड. ती विरघळायच्या आत दात गरात शिरतात आणि आंबटपणा गालांच्या आतल्या बाजूने धावतो. तोंडाला पाणी सुटते. त्याच क्षणी सालीचे तेल नाकात चढते. हा या बारचा सर्वांत उजळ क्षण. मग तळ मोडतो. त्याचा कुरकुरीत आवाज कानाला आतून ऐकू येतो, लोणी आणि मीठ पसरते आणि आंबटपणाची धार बोथट होते. इथे साधा लेमन बार संपतो. वहिनींचा संपत नाही. गिळून झाल्यावर, श्वास नाकावाटे बाहेर सोडताना, मोह येतो. आधी मनुकेची गोडी, मग किंचित माती, आणि अगदी शेवटी सालीची ती पुसट कडवट छटा. दुसरा घास घेण्याची घाई करू नये. घाई करणाऱ्याला हा बार फक्त लिंबाचा वाटतो, आणि तेवढे समजून तो ताटली पुढे सरकवतो, याचे मला खरेच वाईट वाटते.

मद्यार्क किती उरतो, हा प्रश्न हक्काचा आहे. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो म्हणून तो सगळा उडून जातो, असे समजतात. तसे होत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे मिश्रणात घालून पंधरा मिनिटे भाजल्यावर सुमारे चाळीस टक्के, अर्ध्या तासाने पस्तीस टक्के उरतो. दोन चमचे म्हणजे तीस मिलिलिटर लिकर, त्यात पंचवीस टक्के मद्यार्क धरला, साच्याच्या सोळा वड्या धरल्या, तर एका वडीत पाव मिलिलिटरही येत नाही. तरी तो शून्य नाही. ज्यांनी व्रत म्हणून किंवा औषध म्हणून मद्य सोडले आहे त्यांना सांगूनच ताटली पुढे करावी, आणि मुलांसाठी वेगळा साचा लावावा. वहिनी लावतात. त्यात वाळली मोहफुले कोमट पाण्यात भिजवून, बारीक चिरून तळावर पसरतात आणि मग गर ओततात. चव वेगळी होते, चावरी आणि जास्त गोड. तेल धरून ठेवायला मद्य नसल्यामुळे सालीचा वास त्यात लवकर हरवतो, पण मुलांना फुलांचे तुकडे शोधण्यात जास्त रस असतो.

भाजल्यावर गरम बारवर चमचाभर लिकर फिरवण्याची एक पद्धत आहे. तिने वास पहिल्याच क्षणी येतो आणि वर म्हटलेला क्रम उलटतो. मोह आधी, लिंबू नंतर. मला ते पटत नाही. मोहाला थांबवून ठेवण्यातच या बारची सगळी रचना आहे. नागपुरी संत्र्याचा प्रयोगही वहिनींनी केला. संत्र्याला आम्ल कमी, म्हणून त्यात निम्मे लिंबू घालावे लागले आणि संत्रे मागे पडले. सालीपुरते संत्रे आणि रसापुरते लिंबू, असे केले तर मार्ग निघेल असे मला वाटते.

बार त्याच दिवशी कापू नये. पूर्ण निवल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कापला तर कड नीट येते आणि मोहाचा वासही गरात सारखा बसलेला असतो. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावा, कारण थंड गराला वास नसतो. पिठीसाखर वाढतानाच भुरभुरावी. तिसऱ्या दिवशीही तो चांगला लागतो, फक्त तळ जरा मऊ पडतो. तेव्हा सोबत बिनसाखरेचा कोरा चहा घ्यावा, दुधाचा मुळीच नाही.